हात कोणासाठी धुवायचे?



दर रविवारी मिस्सामध्ये भाकर आणि द्राक्षारस वेदीवर ठेवल्यानंतर आम्ही वेदीच्या एका बाजूला येतो. वेदीसेवक आमच्या बोटांवर थोडे पाणी ओततो आणि आम्ही मनातल्या मनात पापक्षालनाची प्रार्थना म्हणतो. हा विधी इतका लहान आहे, की त्या वेळी आपल्यापैकी बहुतेकांचे लक्ष अर्पणगीताकडे असते. रोजच्या सवयीने आमच्याकडूनही तो कधी कधी यांत्रिकपणे होऊन जातो.

या विधीचा अर्थ आम्हांला नव्याने शिकवला तो एका परिचारिकेने. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात आम्ही आजाऱ्यांना अभ्यंग संस्कार देण्यासाठी गेलो होतो. एका वृद्धाच्या कपाळाला व तळहातांना पवित्र तेल लावले, त्यांचा हात हातात घेऊन प्रार्थना केली आणि तसेच पलीकडच्या खाटेकडे वळलो. तेथे नुकतीच शस्त्रक्रिया झालेली एक भगिनी होती. वॉर्डातील सिस्टर मध्ये आल्या. "फादर, जरा थांबा. आधी हात धुऊन या."

खरे सांगतो, आम्हांला राग आला. आम्ही देवाच्या कामासाठी आलो होतो. परंतु बेसिनपर्यंतची दहा पावले चालताना राग ओसरला आणि त्या जागी लाज आली. परत आल्यावर सिस्टर हळूच म्हणाल्या, "मोठ्या डॉक्टरांना हे सांगायला मला चार वर्षं लागली, फादर. तुम्हांला लगेच सांगितलं."

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. मदतीसाठी पुढे केलेल्या हाताने इजा झाली, तर हेतू चांगला होता एवढे म्हणणे पुरेसे आहे काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांची हकिगत वाचली होती. तेव्हा ती केवळ तर्कशास्त्राचे उदाहरण वाटली. १८४६ साली ते व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात रुजू झाले. तेथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. त्या वर्षी पहिल्या विभागात शंभरातील सुमारे ११ माता दगावल्या, तर दुसऱ्यात ३ पेक्षाही कमी. असे का व्हावे? एक शंका धर्मगुरूंवरही आली. मरणासन्न रुग्णाला अंतिम संस्कार देण्यासाठी ते घंटेच्या नादात पहिल्या विभागातून जात. त्या आवाजाने बाळंतिणी घाबरून दगावत असतील काय? सेमेलवाइस यांच्या विनंतीवरून धर्मगुरू घंटा न वाजवता वळसा घालून जाऊ लागले. मृत्यू मात्र कमी झाले नाहीत.

१८४७ साली त्यांचे सहकारी प्राध्यापक कोलेच्का यांना शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हातातील सुरी लागली आणि त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या आजाराची लक्षणे बाळंतिणींच्या आजारासारखीच होती. सेमेलवाइस यांच्या लक्षात आले, की शवविच्छेदन करून डॉक्टर तसेच प्रसूतिगृहात येतात. मृत्यू त्यांच्याच हातांवरून येत आहे. त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. १८४८ साली त्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण शंभरात १ च्या जवळपास आले.

तरीही अनेक नामवंत डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे मानले नाही. आपण जीव वाचवणारे, आपल्याच हातांनी जीव गेले हे कबूल करणे फार कठीण असते. सेमेलवाइस यांनी मात्र आपल्या हातून किती माता दगावल्या हे देवालाच ठाऊक, असे स्वतःविषयी लिहून ठेवले. १८६५ साली मनोरुग्णालयात त्यांचा अंत झाला. व्हिएन्नाचे ते धर्मगुरू निर्दोष ठरले होते. त्या दिवशी दुसऱ्या खाटेकडे वळलेले आम्ही निर्दोष नव्हतो.

आज जंतूंविषयी शाळकरी मुलालाही माहिती आहे. मग रुग्णालयांत सर्वजण हात धुतात काय? २०१० साली ९६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. जेव्हा हात स्वच्छ करायला हवेत, अशा शंभर वेळांपैकी साधारण ४० वेळाच ते केले जात होते. त्यातही रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वीचे प्रमाण २१ होते, तर स्पर्श केल्यानंतरचे ४७.

बंधुभगिनींनो, या दोन आकड्यांपाशी थोडे थांबू या. स्पर्शानंतर आपण हात धुतो ते बहुधा स्वतःला रोग लागू नये म्हणून. त्यात काही चूक नाही. ते आवश्यकच आहे. स्पर्शापूर्वी हात धुतो ते मात्र समोरच्यासाठी. पाणी तेच, साबण तोच, आणि वेळही तेवढाच, एक मिनिटाच्या आत. फरक एवढाच, की एकात आपण स्वतःला जपतो आणि दुसऱ्यात शेजाऱ्याला. पिलाताने लोकांसमोर हात धुतले, ते निरपराध माणसाची जबाबदारी झटकण्यासाठी. परिचारिका रुग्णाजवळ जाण्यापूर्वी हात धुते, ते त्याची जबाबदारी स्वीकारण्यासाठी.

कोणी विचारील, "फादर, शिष्य हात न धुता जेवले म्हणून परुशांनी दोष दिला, तेव्हा प्रभूने परुशांनाच सुनावले ना?" होय. परंतु प्रभूचा रोष पाण्यावर नव्हता. बाहेरची शुद्धता मिरवून आईवडिलांकडे दुर्लक्ष करणाऱ्या ढोंगावर होता. त्याच प्रभूने शेवटच्या भोजनाच्या रात्री घंगाळात पाणी घेतले आणि शिष्यांचे पाय धुतले. ज्या पाण्यामागे दुसऱ्याचे हित असते, ते पाणी प्रेमाचेच काम करते.

संत थॉमस अक्वायनस सद्गुणाला चांगली सवय म्हणतात. रात्रपाळीतील थकलेल्या सिस्टरला प्रत्येक खाटेपाशी नव्याने ठरवावे लागले, तर थकलेले मन "एकदा राहू दे" असे सुचवणारच. सवय असेल तर थकव्यातही हात नळाकडे जातो. कोणी पाहत नसताना टिकते, तीच खरी सवय.

मात्र नळाला पाणी हवे. आपला भाग दुष्काळी आहे. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. ज्या उपकेंद्रात पाणी नाही, साबण नाही, तेथील नर्सताईंना दोष देऊन मोकळे होणे म्हणजे आपणच पिलात होणे. जे करणे शक्यच नाही त्याची सक्ती नीतिशास्त्रही करीत नाही. म्हणून पाणी पोहोचवणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे आणि ते मागणे हे आपले.

आपल्या जवळच जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली आरोग्यकार्य सुरू केले. अक्षरओळखही नसलेल्या अनेक खेडूत स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील आरोग्यदूतांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्यास शिकवले. बाळाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुणे हा त्यातला एक मूलभूत पाठ होता. आज आशाताई नवजात बाळाला पाहायला घरी येतात, तेव्हा त्याही आधी पाणी मागतात. ते पिण्यासाठी आहे असे समजून केवळ पेला पुढे करू नका. साबण, बादली आणि धुतलेला टॉवेलही द्या.

२०२० साली चर्चच्या दारात बाटली होती आणि आपण सर्वजण हातांना जपत होतो, कारण भीती होती. भीती गेली तशी ती सवयही बरीचशी गेली. आता भीतीने नव्हे, प्रेमाने ती पुन्हा लावून घेऊ या. आजाऱ्याला भेटायला, बाळंतिणीकडे बाळ पाहायला जाताना आधी हात धुऊ या. कोणी आपल्याला थांबवले तर रागावू नये. डॉक्टरांना नम्रपणे विचारण्यास कचरू नये. आणि आपल्या घरातील मुलगी किंवा सून परिचारिका असेल, तर तिच्या या न दिसणाऱ्या सेवेबद्दल तिचे आभार मानावेत.

येत्या रविवारी वेदीसेवक आमच्या बोटांवर पाणी ओतेल, तेव्हा क्षणभर तिकडे पाहा आणि आमच्यासाठी प्रार्थना करा. ज्या हातांनी आम्ही तुम्हांला प्रभूचे शरीर देतो, ते हात आतून आणि बाहेरून स्वच्छ असावेत, तुमच्यासाठी.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

ख्रिस्ताठायी आपले,
धर्मगुरू