मधला स्पीकर

“आवाज येतोय गं, पण शब्द येत नाहीत,” असं आई म्हणाली आणि मी ताबडतोब स्पीकरला दोष दिला.

त्यात अगदीच चूक नव्हतं. आमच्या घरातला होम थिएटरचा संच 2006 सालचा. एका जाडजूड कादंबरीच्या अनुवादाचे पैसे एकरकमी हातात आले होते, तेव्हा घेतलेला. पाच स्पीकर, एक सबवूफर आणि सगळ्यांना वीज आणि आवाज वाटून देणारा काळा, वजनदार रिसीव्हर. त्या रिसीव्हरला एचडीएमआय नाही. सबवूफर तीन वर्षांपूर्वी गप्प झाला. पुढचे दोन स्पीकर खालच्या पट्टीतला सूर आला की ओल्या पापडासारखे फरफरतात. आई साताऱ्याहून बंगळुरूला आमच्याकडे कायमची राहायला आली आणि दुपारी जुने कृष्णधवल मराठी सिनेमे लावू लागली, तेव्हा हे सगळं नीट करायला मला एक सबळ कारण मिळालं.

पंधरा हजारांच्या वर जायचं नाही असं ठरवून मी यादी केली. पहिल्या ओळीवर नवा सबवूफर, नऊ हजार. मग फोम बदलणं, वायरी, जमलं तर जुन्या बाजारातला एखादा बरा रिसीव्हर. नवऱ्याला सांगितलं, आईसाठी करतेय. लेकीलाही तेच सांगितलं. ते खरं आहे अशी माझी स्वतःचीही खात्री होती.

मग एका दुपारी आईचा सिनेमा चालू असताना मी एकेका स्पीकरला कान लावून बघितला. पाचांपैकी चार मुके होते. त्यात बिघाड काहीच नव्हता. 1950-60च्या दशकातल्या त्या सिनेमांचा आवाज एकाच पट्टीवर मुद्रित झालेला असतो. डाव्या आणि उजव्या वाहिनीत तंतोतंत एकच ध्वनी आला, की आमच्या रिसीव्हरमधली प्रो लॉजिक नावाची सोय तो मधल्या स्पीकरकडे पाठवून देते. म्हणजे गेले कित्येक महिने आईचा अख्खा सिनेमा, नायकाचा बाप, भांडखोर सासू, पाऊस, तमाशा, सगळं एकट्या मधल्या स्पीकरमधून येत होतं. आणि तो मी टीव्हीच्या कपाटात सर्वांत खालच्या कप्प्यात, काचेच्या दारामागे, जुन्या सीडींच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवला होता. खोली नीटनेटकी दिसावी म्हणून.

यादीतला नऊ हजारांचा सबवूफर तिच्या सिनेमात एकदाही तोंड उघडणार नव्हता. नवस आईच्या नावाचा आणि नैवेद्य माझ्या ताटात, असा तो मामला होता. मला गडगडाट आवडतो. युद्धपटात जमीन हादरली की मी लहान मुलीसारखी खूश होते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ती हौस मी माझ्या नावावर मांडली नव्हती. इथे प्रश्न पैशांचा नाही. दुसऱ्याच्या भल्याचं नाव घेऊन आपण जे सुधारतो, त्याची सुरुवात त्या माणसाच्या गरजेपासून झालेली असते की आपल्याला काय सुधारता येतं त्यापासून, एवढाच प्रश्न आहे. मी ज्या व्यवसायात आहे तिथे तो रोज पडायला हवा. तरी पडत नाही.

सबवूफर खोडला आणि फरफरणारे दोन स्पीकर पिशवीत घालून सदर पत्रप्पा रोडला, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एस. पी. रोडला, गेले. ज्या दुकानांत नवा माल मिळतो तिथे सगळे माझ्या नवऱ्याला वॅट किती हवेत ते विचारत होते. त्याला काडीचं कळत नाही. तो पिशवी धरायला आला होता. दुरुस्तीवाले एका बोळात, जिन्याखाली बसतात. तिथल्या वयस्कर कारागिराने स्पीकरचा कागदी शंकू दोन्ही अंगठ्यांनी हलकेच आत दाबला, कान जवळ नेला आणि कॉइल घासत नाही, वाचलाय, असं सांगितलं. शंकूच्या कडेचा फोम पंधरा-वीस वर्षांत आपोआप कुजतो, दमट हवेत लवकरच. रबराची कड जास्त टिकते. ब्लेडने जुना गोंद खरवडायचा, नवी कड चिकटवायची, आणि गोंद वाळेपर्यंत शंकू बरोबर मध्यावर राहील हे बघायचं. केसाएवढा सरकला तरी कॉइल घासायला लागते.

त्याने मला दखनी हिंदीत विचारलं, ऐकणार कोण? मी सांगितलं. मग म्हणाला, म्हाताऱ्या माणसांना बेस वाढवून देऊ नका, शब्द बुडतात.

त्यातलं शास्त्र मी नंतर समजून घेतलं. भाषेतले स्वर खालच्या कंप्रतेत असतात, त्यांच्यात जोर असतो. शब्दाला शब्दपण देणारी व्यंजनं, विशेषतः स, श, त, थ, फ ही मंडळी, वरच्या कंप्रतेत असतात आणि मुळात क्षीण असतात. वय झालं की कानातून आधी वरच्या कंप्रता जातात. त्यामुळे माणसाला कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. मी ‘ताट’ म्हटलं की आई ‘पाट’ शोधायला लागते. नुसता आवाज मोठा केला तर स्वरच आणखी मोठे होतात आणि त्यांच्याखाली व्यंजनं जास्तच झाकली जातात. “आवाज येतोय, शब्द येत नाहीत” हे आईचं वाक्य म्हणजे तक्रार नव्हती, अचूक वर्णन होतं. मी ते यंत्राचं वर्णन समजले.

जुन्या मालातला, रबरी कडेचा एक बरा मधला स्पीकर तिथेच अडतीसशेला मिळाला. दोन फोमचे चौदाशे, टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत आवाज नेणारी ऑप्टिकल केबल तीनशे. नव्या रिसीव्हरची गरजच नव्हती. जुन्याला ऑप्टिकलची जागा आहे, आणि साध्या डॉल्बी डिजिटलला तेवढी पुरते. एकूण पंचावन्नशे. मधला स्पीकर कपाटातून बाहेर, टीव्हीच्या खाली, बसलेल्या माणसाच्या कानाच्या दिशेने किंचित वर तोंड करून ठेवला. सगळ्यांत जास्त फरक या फुकटच्या गोष्टीने पडला.

इथे थांबले असते तर हा लेख लिहिला नसता.

आई रात्री आमच्याबरोबर नवे सिनेमेही बघते, आणि त्यांत पाचही स्पीकर बोलतात. संवाद मुख्यतः मधल्यात. तिला ते ऐकू यावेत म्हणून मी रिमोटवरून तेवढा एकच स्पीकर पाच डेसिबलने वर नेला. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, “आई, हे रेडिओसारखं वाटतंय. पाऊस कुठे गेला?” खरंच, पाऊस गेला होता. संवाद पुढे आले तसं त्यांच्यामागचं शहर, जिना, दूरची गाडी, सगळं मागे हटलं. कोणीतरी महिनोन्‌महिने बसून ते प्रमाण ठरवलं असणार. ते मी एका बटणाने मोडलं होतं.

ध्वनियंत्रांच्या जगात ‘हाय फिडेलिटी’ म्हणतात, आणि अनुवादाच्या चर्चेत जो शब्द आम्ही झिजवून झिजवून गुळगुळीत केलाय तोही हाच, निष्ठा. मूळ जसं आहे तसं पोचवणं. पण मूळ कुठलं? चित्रपटगृहात आवाजाची जी प्रमाण पातळी धरतात, तीत सरासरी 85 डेसिबल आणि एकेका वाहिनीतून क्षणभर 105 डेसिबलपर्यंत आवाज जाऊ शकतो. खाली-वर माणसं राहतात अशा फ्लॅटमध्ये हे कोणीच लावत नाही. ज्याने घरी आवाज कमी केला त्याने मुळाला हात लावलाच. रिसीव्हर बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं, म्हणून तर त्यात रात्रीसाठी वेगळी सोय असते: कुजबुज वर आणायची, स्फोट खाली दाबायचे, म्हणजे शेजाऱ्यांची झोप मोडत नाही.

एडिसनच्या कंपनीने 1915पासून दहाएक वर्षं अमेरिकेत गावोगावी ‘टोन टेस्ट’ नावाचे जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर गायिका आणि तिच्या शेजारी फोनोग्राफ. दिवे मालवायचे आणि आता कोण गातंय ते श्रोत्यांनी ओळखायचं. ओळखता येत नसे, असा गाजावाजा होता. त्यातल्या एका गायिकेने, अ‍ॅना केसने, अनेक वर्षांनी कबूल केलं, की ती मुद्दाम आपला गळा यंत्रासारखा लावायची. मूळच नकलेची नक्कल करत होतं. निष्ठेचा विषय निघाला की मला हा किस्सा आठवतो. श्लायरमाखरच्या 1813च्या व्याख्यानापेक्षा, वाचकाला लेखकाकडे न्यावं की लेखकाला वाचकाकडे आणावं या त्याच्या पेचापेक्षा, तो मला जास्त शिकवतो. आपल्याकडे तर गीतेच्या 700 श्लोकांच्या सुमारे 9,000 ओव्या झाल्या, आणि त्याला कोणी बेइमानी म्हणत नाही, कारण त्या ओव्यांना समोर बसलेल्या श्रोत्यांचं भान आहे. (पाच डेसिबलच्या समर्थनाला ज्ञानेश्वरांना बोलावणं जरा जास्तच झालं, हे मलाही कळतं.)

या सगळ्या दाखल्यांवरून मी स्वतःची समजूत घातली, की ऐकणाऱ्याशी निष्ठा ही मोठी निष्ठा. समजूत पटली. फक्त त्या ऐकणारीला मी अजून काहीच विचारलं नव्हतं. वीस वर्षं मी बहुतेक मेलेल्या लेखकांचे अनुवाद केले, आणि ‘मराठी वाचक’ नावाच्या कुणासाठी केले, ज्याला मी कधी भेटले नाही. दोघांनाही विचारता येत नाही, म्हणून दोघांच्या वतीने ठरवायची सवय लागते. ती मी घरात आणली होती.

म्हणून एके दुपारी तिच्या शेजारी बसून विचारलं, “आई, तुला कसं हवंय?”

“काही नको गं. छान आहे.”

आता याचं काय करायचं? विचारणं ही काही जादू नाही. आईच्या पिढीतल्या बायकांनी आयुष्यभर ‘नको’ हाच शब्द सगळ्या अर्थांनी वापरला. जेवणाच्या पंगतीतलं नको, नव्या साडीचं नको, दवाखान्याचं नको. शब्दाला शब्द ठेवला तर तो अनुवाद नक्की चुकतो. आणि ‘तिचं नको म्हणजे हवंच’ असं धरलं, तर पुन्हा माझंच म्हणणं तिच्या तोंडी घातलं. दुसरी वाट मला सुचली नाही, म्हणून मी तिथेच बसून राहिले. सिनेमा अर्ध्यावर आला तेव्हा ती टीव्हीकडे बघतच म्हणाली, “हे सिनेमे मला पाठ आहेत. शब्द नाही आले तरी चालतं. पण तू स्वयंपाकघरातून पाठमोरी बोलतेस ना, ते मला पाठ नसतं.”

मला काही बोलता आलं नाही. कारण हे मला ठाऊक होतं. वर्षभर ठाऊक होतं. कानाच्या डॉक्टरांकडे जायला हवं हे मनात येत होतं आणि मी ते बाजूला सारत होते. कानातलं यंत्र माझ्या सगळ्या यादीपेक्षा महाग पडेल म्हणून थोडं, आणि ते घेऊ या असं म्हटलं की तिच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते बघायचं नव्हतं म्हणून जास्त. स्पीकरबद्दल बोलणं सोपं होतं. खोलीचा बहिरेपणा मी फोम लावून, वायरी बदलून दूर करत होते, म्हणजे तिच्याबद्दल बोलावं लागणार नव्हतं.

“तपासून घेऊ या का?” मी विचारलं.

“आधी तू घे. तिसऱ्या हाकेला ओ देतेस.”

दोघींनी तपासणी करून घेतली. माझे कान ठीक निघाले, म्हणजे ओ न देण्याला दुसरं काही कारण असणार. तिची तपासणी चालू असताना मी काचेबाहेर उभी होते. ती हेडफोन लावून, हातात बटण धरून, शाळेत परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली होती. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. सुरुवातीला ती पटापट दाबत होती. मग मध्ये मध्ये थांबायला लागली. मग बराच वेळ बटण दाबलंच नाही, नुसती समोर बघत राहिली. आत काय वाजत होतं ते मलाही ऐकू येत नव्हतं. कागदावरची रेघ 250पासून निघून निम्म्यापर्यंत सपाट होती, तिथून 8,000 हर्ट्‌झपर्यंत घाटातल्या रस्त्यासारखी खाली उतरत गेली.

यंत्र घ्यायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही. ती ‘बघू’ म्हणते, आणि तिचं ‘बघू’ हे ‘नको’पेक्षा वेगळं आहे एवढं मला कळतं. पंधरा हजारांतले उरलेले साडेनऊ मी वेगळे ठेवलेत. मधला स्पीकर सध्या तीन डेसिबलवर आहे. तो आकडा तिघींनी मिळून ठरवला. लेकीचं म्हणणं, पाऊस अर्धा परत आला. आणि मी काही सांगायचं असलं की गॅस बारीक करून बाहेर येते, तिच्यासमोर उभी राहते आणि मग बोलते. अजून दर वेळी लक्षात राहत नाही.