अविनाशी अलंकार

मननासाठी शास्त्रभाग : निर्गम ३५:२० ते ३६:७, १ पेत्र ३:१-६



'अलंकार' हा शब्द आपल्या कानी बहुधा दोन ठिकाणी पडतो. एक सराफाच्या पेढीवर आणि दुसरे मराठीच्या तासाला. एकीकडे पाटल्या, ठुशी, मोहनमाळ. दुसरीकडे उपमा, रूपक, अनुप्रास. दोन्हीकडे समजूत एकच असते, की मूळ वस्तू आधीच पूर्ण आहे व तिच्यावर शोभेसाठी काही अधिक चढविले आहे. म्हणूनच एखाद्याचे भाषण 'फार आलंकारिक' होते असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात स्तुतीपेक्षा टोमणाच अधिक असतो.

परंतु या शब्दाची घडण निराळेच सांगते. 'अलम्' म्हणजे पुरेसे, समर्थ, योग्य. आणि 'कार' म्हणजे करणे. जे एखाद्या वस्तूला तिच्या कार्यासाठी योग्य व समर्थ करते, तो अलंकार. याच 'अलम्'चा संस्कृतात आणखी एक उपयोग आहे : 'पुरे, आता थांबा.' पुरेसे करणे आणि पुरे म्हणणे, हे दोन्ही अर्थ त्या एका लहानशा शब्दात नांदतात.

प्रेषित पेत्राने स्त्रियांच्या शोभेविषयी लिहिताना जो ग्रीक शब्द योजिला, तो 'कॉस्मॉस'. सुरचना, शोभा आणि विश्व असे तीनही अर्थ त्या शब्दाला आहेत. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, आकाश व पृथ्वी सिद्ध झाल्याचे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी सांगितले आहे, तेथेही हाच शब्द आला आहे. देवाने अंतराळात ज्योती ठेविल्या त्या केवळ आकाश नटविण्यासाठी नव्हेत. दिवस व रात्र वेगळी करावी, ऋतू दाखवावेत, पृथ्वीला प्रकाश द्यावा, हे त्यांचे काम. त्यांचे सौंदर्य त्यांच्या सेवेतच आहे.

हाच विचार निर्गमाच्या पुस्तकात एका घटनाक्रमातून प्रकट होतो. बत्तिसाव्या अध्यायात इस्राएल लोकांनी कानांतील सोन्याची कुंडले काढून दिली आणि त्यांचे वासरू झाले. तेहतिसाव्या अध्यायात शोकाने त्यांनी अंगावरील दागिने उतरविले. पस्तिसाव्या अध्यायात त्याच लोकांनी, स्त्रियांनी व पुरुषांनी, नथी, कुंडले, अंगठ्या स्वखुशीने आणल्या, आणि त्यांतून निवासमंडपाचे काम उभे राहिले. माणसे तीच, सोनेही तेच. परंतु एकदा त्याची मूर्ती झाली आणि एकदा सेवेचे साहित्य. पुढे अडतिसाव्या अध्यायात सांगितले आहे की, दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांचे पितळ घेऊन याजकांसाठी गंगाळ घडविण्यात आले. ज्यात पूर्वी स्वतःचे मुख पाहावयाचे, त्यात आता देवापुढे जाणाऱ्याने हातपाय धुवावयाचे! आणि छत्तिसाव्या अध्यायात, आणलेले साहित्य कामाला पुरून उरत आहे असे कारागिरांनी सांगताच मोशेने छावणीत आज्ञा फिरविली की, आता आणखी काही आणू नये. तेथे 'अलम्'चे दोन्ही अर्थ एकत्र आले. पुरेसे झाले, म्हणून पुरे.

आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्यातही या दोन्ही अर्थांची उदाहरणे आहेत. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने १६१६ साली गोमंतकात 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले. त्याने ओवीचा आश्रय केला व मराठीचे सारे लेणे त्या कथेला लेवविले, कारण ओव्या ऐकत वाढलेल्या लोकांच्या कानी ती त्याच रूपात पोहोचणार होती. पंडिता रमाबाईंनी नेमके उलट केले. संस्कृतावरील प्रभुत्वामुळे १८७८ साली कलकत्त्यात 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या लाभलेल्या या विदुषीने पवित्र शास्त्राचे भाषांतर करताना जड शब्द कटाक्षाने टाळले, कारण अल्पशिक्षित स्त्रीलाही ते स्वतः वाचून समजावे अशी तिची तळमळ होती. १९२२ मध्ये त्या प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या; संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. एकाने भाषेवर लेणे चढविले, दुसरीने उतरविले. तरी दोघांनीही शब्दाला सेवेस योग्य केले. आपल्या प्रार्थना व प्रवचने याच कसोटीवर घासून पाहावीत. शब्द ऐकणाऱ्याला देवाजवळ नेतात, की बोलणाऱ्याकडे पाहावयास लावतात?

पेत्र दागिन्यांचा शत्रू नाही. यशया संदेष्ट्याने तारणाच्या आनंदाला अलंकारांनी नटलेल्या वधूची उपमा दिली आहे. पेत्राचे म्हणणे इतकेच, की स्त्रीचे मोल बाहेरील गोष्टींवर ठरू नये. सौम्य व शांत आत्मा ही देवाच्या दृष्टीने बहुमूल्य व अविनाशी शोभा होय. सौम्यता म्हणजे अन्यायापुढे मान तुकविणे नव्हे. ज्या प्रभूने स्वतःला सौम्य म्हटले, त्यानेच मंदिरातील सराफांचे चौरंग पालथे केले.

'अविनाशी' या शब्दाचे खरे वजन आपल्या देशातील विधवेला विचारावे. तिच्या बांगड्या फोडण्यात आल्या, मंगळसूत्र काढण्यात आले, कित्येकींचे केसही उतरविण्यात आले. आणि जणू दागिन्यांबरोबर तिची पात्रताही काढून घेण्यात आली. १८८२ साली स्वतः विधवा झालेल्या रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत 'शारदा सदन' उघडले ते अशाच भगिनींसाठी. ही गोष्ट केवळ गतकाळाची आहे असेही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. जे ग्रामसभेला उमगले ते ख्रिस्ताच्या मंडळीला अधिक उमगावयास हवे. लग्नघरी एखाद्या विधवा भगिनीला आपण मागच्या रांगेत बसवीत असू, शुभकार्यात तिचा हात लागू नये असे मनात आणीत असू, तर क्रूस असलेले मंगळसूत्र आपल्या गळ्यात असूनही आपण सोन्याच्या वासराजवळच उभे आहोत. देवाने जिला योग्य ठरविले, तिला अयोग्य ठरविणारे आपण कोण? आणि कन्येच्या अंगावर चार तोळे अधिक दिसावेत म्हणून जो पिता कर्जाच्या ओझ्याखाली वाकतो, त्याला 'पुरे' असे सांगणारा मोशे मंडळीत कोणी आहे काय?

शेवटी तीताला लिहिलेल्या पत्रातील एक गोष्ट ध्यानात घेऊ या. दुसऱ्या अध्यायात पौल दासांविषयी लिहितो. ही माणसे स्वतःच्या देहाचीही मालक नव्हती. त्यांच्या अंगावर सोने कोठून असणार? तरी पौल म्हणतो की, त्यांनी चोरी न करता, पूर्ण विश्वासूपणे वागून आपल्या तारणाऱ्या देवाच्या शिक्षणास शोभा आणावी. तेथील ग्रीक क्रियापद 'कॉस्मॉस' याच शब्दापासून आलेले आहे. ज्यांच्यापाशी स्वतःचा एकही दागिना नाही, त्यांनी देवाच्या शिक्षणाचा अलंकार व्हावे! याहून मोठा मान कोणत्या राजकन्येला मिळाला?

हे प्रभो, जे आमच्यावर अधिक आहे ते उतरविण्याचे धैर्य दे, जे उणे आहे ते तुझ्या कृपेने पुरे कर, आणि आम्हांस तुझ्या सेवेस योग्य असे घडीव. आमेन.