आप्तमित्रांचा सहवास आणि धम्म



धम्मदीक्षा घेतलेल्या घरात पहिल्याच वर्षी एक प्रश्न उभा राहतो. देव्हारा काढला, नवस-उपास सोडले. पण ज्या सोयऱ्यांनी ते सोडलेले नाहीत त्यांच्याकडे जायचे की नाही? मोरा बंदरासारख्या ठिकाणी हा प्रश्न टाळता येत नाही. भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये दीक्षा घेतलेला आणि न घेतलेला एकाच बाकावर बसतो, आणि दोघे एकमेकांचे साडूही असू शकतात.

काही जण नाते तोडून मोकळे होतात. काही जण नाते राखायचे म्हणून पुन्हा अंगारा लावून घेतात. सुख दोघांनाही लाभत नाही. पहिला एकटा पडतो; दुसरा स्वतःच्याच नजरेतून उतरतो.

भगवान बुद्धांनी यावर काय सांगितले? राजगृहाचा सिगाल हा गृहस्थपुत्र ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. भगवंतांनी त्याची टर उडविली नाही. त्या दिशांचा खरा अर्थ त्यांनी त्याला उलगडून दाखविला. आईवडील ही पूर्व दिशा, गुरू दक्षिण, पत्नी व मुले पश्चिम, मित्र व सोबती उत्तर, नोकर-कामगार खालची आणि श्रमण-ब्राह्मण वरची. दिशेची पूजा म्हणजे त्या त्या माणसाशी असलेले कर्तव्य पार पाडणे. आपल्या घरी म्हटल्या जाणाऱ्या महामंगल सुत्तातही आप्तांचा सांभाळ हे एक मंगल म्हणून सांगितले आहे.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी धम्म हा सामाजिक आहे, हे स्पष्ट केले. एकटाच माणूस असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसांचा संबंध आला की धम्म हवाच, असा त्यांचा विचार आहे. मग माणसांपासून पळून धम्म कसा पाळता येईल?

मात्र प्रत्येक सहवास सुखाचा नसतो. नुसते घेणारा, नुसते गोड बोलणारा, खुशामत करणारा आणि दारू-जुगाराला सोबत करणारा, हे चौघे मित्राच्या वेषातले शत्रू होत, असे भगवंतांनी सिगालाला बजावले. पगाराच्या संध्याकाळी गुत्त्यावर गेलेले दोन तास घरातल्या महिनाभराच्या सुखाला पुरून उरतात, हे आमच्या माताभगिनींना कोणी सांगायला नको.

चांगला सहवास कसा असतो? अनुरुद्ध, नंदिय आणि किम्बिल हे तीन भिक्षू दूध-पाण्यासारखे मिसळून राहत. भिक्षेहून जो आधी परते तो आसने मांडी. जो शेवटी येई तो झाडलोट करी. एकाला घागर जड झाली की दुसरा हात लावी. आणि दर पाचव्या दिवशी ते रात्रभर एकत्र बसून धम्मचर्चा करीत. आपल्या घरात असा एक तरी दिवस ठरलेला आहे काय?

मोरा बंदरात ओहोटीला गाळ उघडा पडतो आणि लाँच अडते. भेटीगाठी आटल्या की नात्यांतही तसाच गैरसमजांचा गाळ वर येतो. २०२४ च्या जानेवारीत उरणपर्यंत रेल्वे आली, अटल सेतू सुरू झाला. मुंबईचे अंतर कमी झाले. पण वेळ काढून भावाच्या दारी जाणे हे ज्याचे त्यालाच करावे लागते.

म्हणून नवदीक्षित कुटुंबांनी एवढे करावे. सोयऱ्याच्या आजारपणात आणि मयतीला सर्वांच्या आधी जावे. लग्नाला जावे, राबावे. कर्मकांडाच्या वेळी हात जोडून नम्रपणे बाजूला उभे राहावे. त्यांच्या देवांची थट्टा करू नये, आणि आपली प्रतिज्ञाही मोडू नये. वैशाख पौर्णिमेला त्यांना घरी बोलवावे, खीर वाढावी. रविवारी मुलांसह विहारात जावे, कारण कल्याणमित्र तेथे भेटतात. कल्याणमित्र म्हणजे अर्धा धर्ममार्ग, असे आनंद म्हणाला तेव्हा भगवंतांनी त्याला थांबविले आणि सांगितले की तो अर्धा नाही, सगळाच आहे.

तुमची बहीण उद्या विचारील, "धम्म घेऊन तुझ्यात काय फरक पडला?" तुम्ही पूर्वीपेक्षा जास्त वेळा तिच्या दारात दिसलात, आणि दारू न पिता दिसलात, तर तिला तो प्रश्न विचारावाच लागणार नाही.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जयभीम!