घसारा आणि कुंकू

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला अमरत्वाची कल्पना गीतेत शोधावी लागत नाही. ती त्याला घसाऱ्याच्या प्रकरणातच भेटते. दहा हजारांच्या यंत्रावर घटत्या शिल्लकीच्या पद्धतीने दरसाल पंधरा टक्के घसारा काढा. पहिल्या वर्षाअखेर ८,५०० उरतात, दुसऱ्या वर्षाअखेर ७,२२५. चाळीस वर्षांनी जेमतेम पंधरा रुपये उरतात. पण शून्य म्हणून काही होत नाही. वहीतली वस्तू झिजते, वाळते, वडापावाच्या भावाला येते, पण आपण होऊन मरत नाही.

अशीच वडापावाच्या भावाला आलेली एक बँड सॉ मी सात हजारांना विकत घेतली, सांगलीच्या एका म्हाताऱ्या सुतारमिस्त्रींकडून. टेंपोतून ती आमच्या मागच्या पडवीत उतरवायला चार माणसे लागली. "भंगारवाला वजनावर घेतो. तुम्ही वयावर घेतलीत वाटतं?" सौ.ने विचारले. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्याला संध्याकाळी स्वतःच्या हाताने एखादे स्टूल करावेसे वाटते, हे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. पण घरात तोवर सहा स्टुले झाली होती आणि बसणारी माणसे तीनच.

ज्यांनी हे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वर एक चाक, खाली एक चाक आणि दोन्हींवरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा. साधी करवत पुढे जाते आणि मागे येते, म्हणजे तिचा अर्धा वेळ परतीच्या प्रवासात जातो. ही नुसतीच पुढे जाते. चाकाची धाव मध्यभागी किंचित फुगीर असते आणि पट्ट्याचा स्वभाव असा, की तो फुगवट्याच्या माथ्याकडेच सरकतो. म्हणून तो घसरून पडत नाही. विल्यम न्यूबेरी नावाच्या इंग्रजाने १८०८च्या सुमारास या कल्पनेचे पेटंट घेतले. पण पट्टा जोडावर तुटे, त्यामुळे पुढली कितीतरी वर्षे ही करवत कागदावरच फिरत राहिली. १८४६मध्ये आन पोलीन क्रेपँ या फ्रेंच बाईंनी जोड टिकवण्याची युक्ती काढली, तेव्हा कुठे ती लाकडावर फिरू लागली. पुरुषाने काढलेली योजना शेवटी बाईने सांधल्याशिवाय चालत नाही, हे मी घरात मोठ्याने वाचून दाखवले नाही. तिथे ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मग दुरुस्ती सुरू झाली. चाकांवरचे रबर पापडासारखे तडकले होते, ते बदलले. बेअरिंगे खडखडत होती, ती बदलली. पट्टा नवा घेतला, गाइड नवे बसवले, टेबल वाकले होते म्हणून तेही दुसरे आणले. मोटर रिवाइंड करायला दिली, तर दुकानदाराने तिची नाडी पाहून सरळ नवी घ्यायला सांगितले. खालचे चाक लेथवाल्याकडे गेले आणि तिथून त्याच्याऐवजी दुसरेच चाक परत आले. जुने म्हणून शेवटी उरली ती एक बिडाची चौकट. सौ. म्हणाली, "म्हणजे तुम्ही सात हजारांना एक स्टँड आणलात."

बोलणे लागणारे होते, पण प्रश्न फार जुना होता. ग्रीकांनी थीसियसच्या जहाजाची एकेक कुजकी फळी बदलली आणि मग जहाज तेच की दुसरे यावर तत्त्वज्ञ भांडत बसले, असे प्लुटार्क सांगतो. आपल्याकडे 'मिलिंदपन्ह'मध्ये भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला विचारले, आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला. मग रथ आहे कुठे? सगळे भाग एकत्र आले की त्यांना लावायचे ते नुसते नाव, एवढेच त्यावर निघाले. आमच्या खात्यात हा वाद आयकराच्या रूपाने येतो. जुनी वस्तू चालती ठेवली तर दुरुस्ती, नवी उभी केली तर भांडवली खर्च. एका सूतगिरणीचे म्हणणे होते, की अख्खी गिरणी हे एकच यंत्र, तेव्हा त्यातली रिंग फ्रेम बदलणे ही दुरुस्तीच. २००७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, तसे नाही, गिरणीतले प्रत्येक यंत्र ही स्वतंत्र वस्तू आहे. नागसेनाला ही नोकरी सहज जमली असती.

मी हा विचार करीत चौकट घासत होतो. रंग द्यायचा तर आधी जुना मळ काढून लोखंड उघडे करावे लागते. सगळीकडे ब्रश फिरला आणि वरच्या कोपऱ्यातल्या एका खोबणीशी थांबला. तिथे हळद, कुंकू, तेल आणि भुसा यांचा बोटभर जाड थर बसला होता. चाळीस खंडेनवम्यांचा थर. हा मळ, की यंत्राचा भाग? बेअरिंगे काढताना मला असा प्रश्न पडला नव्हता.

त्याच आठवड्यात मिस्त्री "कुटवर आलं?" म्हणत डोकावले. मी त्यांनाच विचारले. त्यांनी खोबणीवर हात ठेवला, तेव्हा माझ्या लक्षात आले की त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीला शेवटचे पेर नाही.

"हिनंच नेलं," ते म्हणाले. "पंचवीस वर्सं झाली."

"आणि तरी पुढच्या दसऱ्याला पूजा केलीत?"

"तिचा काय दोस, सायब? घाई माझी हुती. खंडेनवमीला यंत्र बंद ठिवायचं आसतं. तेवढा येक दिस आपुन तिच्याकडं बघायचं, तिच्याकडनं काय घ्याचं न्हाई."

आता माझी पंचाईत झाली. सात हजार दिले, पावती झाली, व्यवहार मिटला असे मी समजत होतो. पण त्या यंत्राच्या किमतीत एक पेरही गेले होते आणि ते कोणत्याच बाजूला मांडलेले नव्हते. नावे टाकायचे तर कोणाच्या? मी आडून आडून विचारले, किंमत कमी तर नाही ना झाली? ते हसले. "बोटाचं काय घेनार तुमच्याकडनं?"

मला वाटते, काही देणी अशी असतात की ज्याचे घेतले त्याला ती फेडताच येत नाहीत. आईबापांचे देणे त्यातलेच. ते आपण मुलांच्या खात्यावर जमा करून मोकळे होतो. हत्याराचेही तसेच असावे. ते चालते ठेवायचे, घाई करायची नाही, गाइड लाकडाच्या अगदी जवळ उतरवून मगच बटण दाबायचे आणि एक दिवस पुढच्या माणसाच्या हाती द्यायचे, शक्य तर पुरी दहा बोटे शाबूत ठेवून. वस्तू तीच की दुसरी, याचा निकाल सुट्या भागांवर लागत नाही. मागच्या माणसाने सांभाळलेले आपण पुढे सांभाळतो की नाही, यावर लागतो. पट्ट्याचा जीव जसा जोडात, तसा वस्तूचा जीव या सांध्यात.

तो थर मी ठेवला. भोवती पट्टी चिकटवून बाकीची चौकट हिरवी रंगवली. सौ. म्हणते, यंत्राला टिकली लावल्यासारखे दिसते.

रंग वाळल्यावर मिस्त्रींना बोलावले. त्यांनी एक फळी पट्ट्याखालून काढली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. "आवाज त्योच हाय," ते म्हणाले. मी थक्क झालो. फिरणारा एकूण एक भाग मी बदलला होता! लेथवाल्याने नंतर समजावले, की बीड थरथर पोटात घेते, म्हणून यंत्राचा आवाज बराचसा चौकटीवर ठरतो.

तेव्हा सात हजारांना मी जो आणला, तो स्टँडच होता, हे सौ.चे म्हणणे मला आता मान्य आहे. सातव्या स्टुलाबद्दल मात्र बोलणी चालू आहेत.