वैद्याचा हात

तापमापक म्हणजे काचेची एक बारीक नळी. तिला जात नाही. परंतु १९२९ साली काठेवाडात एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी पडली, तेव्हा डॉक्टर वस्तीत पाऊल टाकीना. दोन दिवसांच्या बाळासह बाईला वस्तीबाहेर आणविले. डॉक्टरने तापमापक एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने पत्नीच्या. आणि त्याच वाटेने तो परत आला. दिव्याच्या उजेडात पाहून डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया. अंगाला हात म्हणून लावला नाही. पुढे बोलावले तर आला नाही, आणि बाई गेली. शिक्षकाचे पत्र गांधीजींच्या 'यंग इंडिया'त छापले गेले. बाबासाहेब आंबेडकरांनी ते आपल्या आठवणींत उतरून ठेवले.

ह्या डॉक्टराला विद्या नव्हती असे कोण म्हणेल? निदान तर सांगितलेच. पण चरकाचार्यांनी वैद्याच्या वृत्ती सांगताना मैत्री आणि कारुण्य आरंभी ठेवले, आणि नेमके तेवढेच त्याच्यापाशी नव्हते. स्पर्शास्पर्शाचे निर्णय आम्हीही पाठशाळेत घोकले आहेत. सोवळे देवघरापुरते, ते आजाऱ्याच्या खाटेपाशी नेले की त्याचे विष होते. पैठणच्या तापल्या वाळवंटात अस्पृश्याघरचे रडते मूल कडेवर घेणाऱ्या नाथांना शास्त्र कमी का येत होते?

कोणी म्हणेल, महाराज, ते दिवस गेले. गेले खरे, पण भेद आता यंत्राआडूनही येतो. करोनाच्या साथीत बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजणारे यंत्र आपल्या कोकणात गावोगाव आले. ते बोटातून उजेड पाठवून मोजते. २०२० सालीच अमेरिकेतील मिशिगनच्या डॉक्टरांनी ताडून पाहिले, तो काय! रक्तात प्राणवायू कमी असून यंत्राला तो कळलाच नाही, असे काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट वेळा घडत होते. यंत्र म्हणते बरे आहे, आणि माणूस गुदमरतो आहे. तिथे कोणी द्वेष केला असे नाही. पण काळे बोट डोळ्यांपुढे पुरेसे कोणी धरले नाही. आमच्या सावळ्या विठोबाचे बोट त्यात घातले तर काय आकडा येईल, असे मनात आलेच.

आता दुसरी बाजू ऐका, औषध देणाऱ्याची. धामापूरला तळ्याकाठच्या भगवतीच्या देवळात निरूपण झाल्यावर एक नर्सबाई पुढे आल्या. इंजेक्शन द्यायला गेले की विचारतात, "खंयची गो तू? आडनाव काय तुझा?" आणि आडनाव ऐकून एखादा हात आखडून घेतो. "महाराज, सोसत राहू का?" सभेतले एक जाणते म्हणाले, संतांनी नाही का सोसले?

आम्हांस ते पटले नाही. सोसण्याचा उपदेश नेहमी सोसणाऱ्यालाच का? २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी ह्या आदिवासी लेकीने जीव दिला. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळले असा आरोप झाला, खटला भरला गेला. दोष ठरविणे न्यायासनाचे काम. घरी लेक काही परत येत नाही. चोखोबांच्या कर्ममेळ्याने तर प्रत्यक्ष पांडुरंगाला जाब विचारला, आणि वारकऱ्यांनी ते अभंग टाकले नाहीत, गाथेत जपले. नर्सबाईंना आम्ही सांगितले, रोग्याची सुई चुकवू नका, आणि झालेला अपमान वरिष्ठांकडे लिहून द्या. जाणती मंडळी जरा कुरकुरली. दुसऱ्या रात्री कीर्तनाला आम्ही कर्ममेळ्याचाच अभंग घेतला.