यकृताचें कोठार

आषाढी वारींत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पंढरपुरास जातांना वेळापुरास मुक्काम करिते. पुढें थोड्याच दिवसांत एकादशी येते व घरोघर उपास घडतो. आमच्या मंडळ्यांतूनही पुष्कळजण प्रार्थनेसाठीं अन्न वर्ज्य करितात. तेव्हां प्रश्न असा कीं, केवळ न खाण्यांत पुण्य आहे काय? उत्तर देण्यापूर्वीं उपाशी देह काय करितो तें पाहूं.

भाकरी खाल्ली म्हणजे तिच्या पिठाची साखर होऊन रक्तांत उतरते. त्या वेळीं स्वादुपिंड इन्सुलिन नांवाचा रस रक्तांत सोडतें. त्याच्या योगानें शरीर लागेल तेवढी साखर खर्चितें आणि उरलेली सांठवितें: यकृतांत सुमारें 100 ग्रॅम, स्नायूंत तिच्या तिपटी-चौपटीनें, आणि त्याहून अधिक झाल्यास चरबीच्या रूपानें. रक्तांतील साखर उतरूं लागली म्हणजे इन्सुलिन कमी होतें, आणि स्वादुपिंडाचा दुसरा रस, ग्लुकागॉन, यकृतास कोठार उघडावयास लावितो.

स्नायूंची सांठवण मोठी, परंतु ती त्यांच्याच कामीं येते. तींतील साखर रक्तांत सोडण्याचें साधन त्यांच्यापाशीं नाहीं. यकृताचें कोठार लहान, परंतु तें सर्व देहासाठीं उघडतें. एकट्या मेंदूस दिवसाला सुमारें 120 ग्रॅम साखर लागते, म्हणून हें कोठार दिवसभरांत जवळजवळ रितें होतें. मग यकृत चरबीपासून दुसरें इंधन करूं लागतें, आणि स्नायूंचें मांस झिजून त्याची साखर होते. कांहीं दिवसांनीं चरबीचें इंधन मेंदूस मानवलें म्हणजे ही झीज मंदावते; पण चरबीही संपली म्हणजे देह आपलेंच मांस जाळितो.

देह हेतु जाणत नाहीं. उपासाच्या साबुदाण्यानेंही इन्सुलिन वाढतें. भक्तीनें उपाशी राहिलेला आणि दारिद्र्यानें उपाशी राहिलेला, दोघांचेंही यकृत एकाच रीतीनें उघडतें. भेद इतकाच कीं, पहिल्यास आपली भाकरी उद्यां मिळणार हें ठाऊक असतें. 1877 सालीं मुंबई इलाख्यांतील दुष्काळी कामांवर सरकारनें पुरुषाची मजुरी रोज एक पौंड धान्य व वर थोडे पैसे इतकी खालीं आणिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्याविरुद्ध आवाज उठविला. आपला सोलापूर जिल्हाही त्या दुष्काळांत होरपळला. दिवसभर खडी फोडणाऱ्या त्या मजुराच्या अंगीं चरबी कोठून असणार? त्याचा उपास त्याच्या हातापायांच्या मांसावर चालला होता. त्या भुकेस पुण्य म्हणण्याचें धैर्य कोणास होईल?

म्हणून आम्हांस वाटतें कीं, पुण्य रित्या पोटांत नाहीं. वांचलेली भाकरी कोठें गेली यांत तें आहे. यशया संदेष्ट्यानेंही आपल्या 58 व्या अध्यायांत उपासाची गांठ भुकेल्याच्या भाकरीशीं घातली आहे. कष्टकऱ्यानें आपल्यापुरती शिदोरी राखणें हा दोष नव्हे; स्नायूही तेंच करितात. परंतु ज्याच्या कणगींत दाणे आहेत त्यानें यकृताचा धडा घ्यावा.

मधुमेहाचें औषध घेणाऱ्यांस, गरोदर स्त्रियांस व अंगावर पाजणाऱ्या मातांस डॉक्टरांस विचारल्यावांचून उपास करावयास कोणीं सांगूं नये. इतरांनीं येत्या उपासाच्या दिवशीं जेवढें पीठ वांचेल तेवढें मोजावें, आणि ज्या घरीं चूल पेटली नसेल तेथें दिवे लागण्यापूर्वीं नेऊन द्यावें.