भाड्याचं घर

शिकागोतलं आमचं विटांचं दुमजली घर. वर आम्ही, खाली भाडेकरू. ऑक्टोबर लागला की मी शिडी लावून पन्हळीतली कुजकी पानं उपसतो, अंगणातल्या नळाची रबरी नळी सोडवतो, आतला कॉक बंद करून पाणी पार निथळू देतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. तांब्याचा पाइपही फुटतो. १५ सप्टेंबर ते १ जून भाडेकरूच्या घरात दिवसा किमान ६८ अंश फॅरनहाइट ऊब हवी, असा इथला नियमच आहे.

परवा फर्नेसचा काळाकुट्ट फिल्टर बदलताना मनात आलं, देहालाही आपण भाड्याचं घरच म्हणतो. मग इतकी डागडुजी कशाला? ईशोपनिषद आरंभीच सांगतं, सगळं ईश्वराचं आहे, तेव्हा त्यागून भोग. पूर्वी मला वाटे, त्याग म्हणजे हात झटकणं. आता वाटतं, ‘माझं नाही’ म्हणून हेळसांड करणारा आणि ‘माझंच’ म्हणून कवटाळणारा, दोघेही चुकतात. घर ही ठेव आहे. परत करायची, म्हणूनच जपायची.

नळातून शेवटचा थेंब पडला. मी हात पुसले आणि शिडी आत घेतली.